हात हलू द्या

बंद पडलेलं हृदय पुन्हा धडधडू लागलं की सिनेमा संपतो. डॉक्टर कपाळावरचा घाम पुसतात, बाहेर बसलेली बायको पदराने डोळे टिपते आणि पडद्यावर नावं सरकू लागतात. माझं काम ती नावं सरकून झाल्यावर सुरू व्हायचं. या अंकाच्या संपादकांना काहीतरी थरारक हवं आहे. त्यांची थोडी निराशा होणार, कारण त्या कामात धावपळ फार नसते. पंपाचा आकडा थोडा वर, थोडा खाली, आणि मग वाट बघत बसायचं.

मी भूलतज्ज्ञ. जालन्यात मला ‘भुलीच्या मॅडम’ म्हणत. अर्धं आयुष्य ऑपरेशन टेबलावर लोकांना झोपवण्यात गेलं. इतक्या वर्षांत एकाही पेशंटने माझं नाव लक्षात ठेवलं नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. झोपवलं मीच होतं. पुढे नवीन जालन्यात, स्टेशनपासून जवळच, एका खासगी दवाखान्याने आयसीयू काढलं. भुलीच्या डॉक्टरला श्वासाची नळी घालता येते आणि व्हेंटिलेटर कळतो, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. तिथलं काम नेमकं उलटं निघालं. आता झोपलेला माणूस का झोपला आहे हे शोधायचं होतं. आमच्या औषधामुळे, की त्याचा मेंदूच उठायला तयार नाही म्हणून?

हा प्रश्न सगळ्यात जास्त छळायचा तो हृदय थांबून पुन्हा सुरू झालेल्या माणसांच्या बाबतीत. हृदय तसं दिलदार असतं. एकदा चालू झालं की झालं गेलं विसरून कामाला लागतं. मेंदू मात्र त्या चार-पाच मिनिटांची उपासमार मनात धरून बसतो. त्याला सावरायला वेळ द्यायचा, एवढंच आमच्या हातात असतं, आणि तो वेळ औषधांनी विकत घ्यावा लागतो. रक्तदाब टिकवायला नॉरअॅड्रिनलिनचं इंजेक्शन पंपावर चालू ठेवायचं. कमी पडलं तर मेंदूला रक्त पोचत नाही; जास्त झालं तर नुकत्याच उठून बसलेल्या हृदयावर ओझं पडतं आणि बोटं निळी व्हायला लागतात. नळी सोसावी म्हणून झोपेचं इंजेक्शन द्यायचं, तर त्याने रक्तदाब उतरतो, म्हणून पहिलं इंजेक्शन वाढवायचं. ताप चढू द्यायचा नाही. झटके आले तर फिटचं औषध द्यायचं, आणि त्यानेही गुंगी येते. यातलं प्रत्येक औषध दुसऱ्याच्या कामात खोडा घालतं. त्यांची भांडणं सोडवत बसणं म्हणजे आयसीयू.

बाहेर बसलेल्या नातेवाइकांना हे समजावणं अवघड असतं. त्यांना एकच औषध हवं असतं. “मॅडम, जल्दी शुद्धीवर यायचं भारी इंजेक्शन मागवा. खर्च्याचं तुम्ही बघू नका.” असं इंजेक्शन नाही म्हटलं की त्यांना वाटतं, ते फक्त पुण्या-मुंबईत मिळत असावं आणि आम्ही जालनेकर ते कबूल करत नाही.

आणखी एक औषधोपचार आमच्याकडे चालतो, जो कुठल्याही पुस्तकात लिहिलेला नाही. केदारखेड्याचे एक वयस्कर शेतकरी आले होते. हृदय चालू झालं, पण मेंदू गेलाच होता. त्याची सगळी तपासणी झाली होती. रक्तदाबाचं इंजेक्शन शेवटच्या टोकाला पोचलेलं. मी मुलांना बोलावून स्पष्ट सांगितलं. थोरला शांतपणे म्हणाला, “समजलं आम्हाला. फकस्त आक्का नाशिकहून निघालीय. ती येईस्तोवर तेवढं इंजेक्शन बंद करू नका.” मी बंद केलं नाही. दुपारी त्यांची मुलगी आली, तिने बापाच्या गालावरून हात फिरवला, आणि मग ती मंडळी त्यांना घरी घेऊन गेली. शेवटचा श्वास आपल्या उंबऱ्याच्या आत पडावा, ही आमच्या भागातली रीत आहे. ते इंजेक्शन मी पेशंटसाठी चालू ठेवलं होतं की मुलीसाठी, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. विचारला असता तर मुलीसाठी म्हणून सांगितलं असतं, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

पण मला सांगायचं आहे ते रंगनाथ टेलरविषयी.

पिंपळगाव रेणुकाईला त्यांचं शिलाईचं दुकान. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. लग्नसराई होती, ब्लाउजच्या अस्तराचं कापड घ्यायला जालन्यात आले होते. खरेदी झाली, छातीत भरून आल्यासारखं वाटलं, पित्त झालं असेल म्हणून सोडा प्यायले. मग घाम फुटला. रिक्षावाल्याने त्यांना आमच्याकडे आणलं, पण स्टेशन रस्त्यावर ट्रक आडवा लागलेला होता, आणि त्या गर्दीतच रिक्षात त्यांनी मान टाकली. दारात पोचले तेव्हा हृदय थांबलेलं होतं. छाती दाबली, शॉक दिले, हृदय सुरू झालं. हृदयाच्या डॉक्टरांनी संध्याकाळच्या आत अडकलेली नस मोकळी केली आणि पेशंट वर माझ्याकडे पाठवला. इथपर्यंतचा भाग सिनेमात घेण्यासारखा आहे.

गावाहून त्यांची बायको सुमनबाई आणि धाकटा भाऊ विष्णू आले. विष्णू एका बियाणे कंपनीत फील्डवर काम करायचा. गावोगावी प्लॉट बघत हिंडणारा, बोलायला चटपटीत. सुमनबाई फारशा बोलत नसत. पहिल्या संध्याकाळी त्यांना आत सोडलं, तर त्यांनी आधी नवऱ्याच्या पायाला हात लावून पाहिला आणि सिस्टरला म्हणाल्या, “गार पडलेत की हे. पांघरूण कामून काढलं?”

ताप येऊ द्यायचा नाही म्हणून आम्ही एसी वाढवला होता, अंगावर एक पातळ चादर ठेवली होती. मी ते समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. सकाळी पाहते तर पायांभोवती गुंडाळलेली वाकळ, घरची गोधडी. संगीता सिस्टर, म्हणजे आमच्या आयसीयूच्या मुख्य सिस्टर, त्यांनी ती काढली. थोड्या वेळाने पुन्हा वाकळ. गार पायाच्या माणसाला उघडं ठेवणं त्या बाईच्या बुद्धीला पटणारच नव्हतं. शेवटी तह झाला. वाकळ उशाशी घडी करून ठेवायची, अंगावर घालायची नाही.

विष्णूने मला व्हरांड्यात गाठलं. “मॅडम, एक विचारू? दादा शुद्धीवर यायची उगवण किती टक्के धरायची?”

मला आधी समजलंच नाही. मग लक्षात आलं. त्याच्या धंद्यात बियाण्याच्या प्रत्येक पिशवीवर उगवणीचे टक्के छापलेले असतात.

“विष्णूभाऊ,” मी म्हटलं, “पिशवीत हजार दाणे असतात, म्हणून टक्के सांगता येतात. माझ्याकडे एकच दाणा आहे.”

त्याला ते आवडलं नाही. बरोबरच होतं, माणसं आकडा मागतात ती धीर धरण्यासाठी. पण खोटा आकडा दिला की दुसऱ्या दिवशी तोच आकडा आपल्या अंगावर येतो, हे मी पूर्वी अनुभवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रक्तदाब जरा स्थिर झाला म्हणून मी झोपेचं इंजेक्शन कमी करायला घेतलं. थोड्या वेळाने रंगनाथरावांचा उजवा हात उडाला. मग खांदा. मग पुन्हा हात. डोळे मिटलेले, चेहरा कोरा, आणि मनगट मात्र थांबून थांबून वर उसळत होतं. ओठाचा कोपराही त्याच तालावर ओढला जात होता. हे असे झटके हृदय थांबून गेलेल्या माणसांमध्ये मी पाहिले होते, आणि ज्यांच्यात पाहिले होते त्यातली बहुतेक माणसं परतली नव्हती.

माझा एक वर्गमित्र छत्रपती संभाजीनगरला मेंदूचा डॉक्टर आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, “इतक्या लवकर झटके? मग फार आशा धरू नकोस. नातेवाइकांची मनाची तयारी करायला लाग.” पण मग स्वतःच म्हणाला, “तरी डोळ्यांनी बघून ठरवू नकोस. मेंदूचा आलेख काढल्याशिवाय काही खरं नाही.” तो आलेख काढायचं मशीन आमच्याकडे नव्हतं. त्याने दुसऱ्या दिवशी आपला माणूस मशीन घेऊन पाठवायचं कबूल केलं.

फोन ठेवते तोच भेटीची वेळ झाली आणि सुमनबाई आत आल्या. त्या पलंगापाशी गेल्या, नवऱ्याचा हात उडताना पाहिला आणि तिथेच थबकल्या. मग मागे वळून, मी त्यांचा कधीच पाहिला नव्हता अशा चेहऱ्याने त्या हसल्या.

“चाक फिरवून राह्यले,” त्या म्हणाल्या. “मॅडम, बघा की. मशीनचं चाक फिरवून राह्यले हे.”

मी पाहिलं. खरोखर तसंच दिसत होतं. त्यांचं दुकानातलं मशीन जुनं, हाताने चाक फिरवायचं होतं. ते मला नंतर कळलं. मनगट वर यायचं, बाहेर वळायचं, खाली पडायचं. तीस वर्षं त्याच मशीनच्या बाजूला बसून काजं-बटणं करणाऱ्या बाईला दुसरं काय दिसणार होतं?

मी सिस्टरला फिटचं इंजेक्शन भरायला सांगितलं आणि झोपेचा पंप पुन्हा वाढवायला. सुमनबाईंना ते ऐकू गेलं.

“कशाचं इंजेक्शन?”

“झटके थांबवण्याचं.”

“थांबवायचं कामून?” त्या माझ्या आणि पलंगाच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. “काल बिलकुल हालत नव्हते. आज हात हलवून राह्यले. देऊ नका. हात हलू द्या, मॅडम.”

मी त्यांना सांगितलं की हा हात तुमचे मालक हलवत नाहीत, हात आपोआप उडतो आहे. मेंदूला आधीच मार बसला आहे. झटके चालू राहिले तर त्याला विश्रांती मिळणार नाही, अजून नुकसान होईल. हे सगळं खरं होतं. पण ते मी ज्या ठामपणे सांगितलं, तेवढी ठाम मी आतून नव्हते. झटके थांबवायला हवेत याची खात्री होती. झटक्यांच्या मागे माणूस शिल्लक आहे की नाही, याची नव्हती. आणि जे औषध झटके थांबवणार होतं तेच त्या माणसाला, असलाच तर, आणखी खोल दडवणार होतं.

सुमनबाई बाजूला झाल्या. सिस्टरने इंजेक्शन दिलं. सुमनबाईंनी नवऱ्याचा हात धरला होता. तो हळूहळू त्यांच्या हातात निवत गेला. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती आठवली की मला आजही बरं वाटत नाही. एखाद्याने चालतं मशीन बंद करावं आणि वर कारण सांगावं, तशी मी त्यांना दिसत असणार.

तोवर बातमी गावात पोचली होती. विष्णूनेच फोन केला होता: दादानं हात हलवला. रेणुकामातेपुढे नारळ फुटला, आणि सकाळी जीप भरून भावकी जालन्यात हजर झाली. त्यांना हात हलताना पाहायचा होता. पाहतात तर हात उशीच्या बाजूला, चादरीवर, जसाच्या तसा.

खाली गेटजवळ बैठक बसली. आमच्याकडे आजारी माणसाचे निर्णय असेच होतात. बायको आत असते आणि निर्णय गेटजवळ होतो. थोड्या वेळाने विष्णू वर आला. चेहरा पडलेला, पण आवाज चढलेला.

“मॅडम, काल हात हालत होता. तुमी इंजेक्शन दिलं अन् हात थांबला. मंडळी म्हणतेत, दुसरीकडं हलवू. तिथं निदान हात तरी हलू देतील.”

नळीवरच्या, पंपावरच्या माणसाला त्या अवस्थेत अँब्युलन्समध्ये घालणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. नेमकं काय बिघडेल ते सांगता आलं नसतं, पण काहीतरी बिघडलंच असतं. मी त्याला आणि सुमनबाईंना माझ्या खोलीत बसवलं आणि म्हटलं, आलेखवाला माणूस वाटेवर आहे, तो येऊन जाऊ दे. मग जायचं तर जा.

दुपारी तो आला. डोक्यावर तारा चिकटवल्या, बराच वेळ नागमोडी रेघोटी पडद्यावर सरकत राहिली. मित्राने ती तिकडून फोनवर पाहिली. त्याचा आवाज आदल्या दिवसापेक्षा वेगळा होता. “अगदी सपाट नाहीये. फिटचं वादळही चालू नाही. तुझ्या झोपेच्या औषधाने सगळं दबलंय, पण खाली काहीतरी आहे. झोपेचं बंद कर, फिटचं चालू ठेव आणि थांब. किती, ते विचारू नकोस.”

मी खोलीत परत आले. दोघं तसेच बसले होते.

“आता झोपेचं औषध मी बंद करते,” मी म्हटलं. “फिटचं चालू ठेवणार. झोपेचं औषध अंगातून उतरायला वेळ लागेल, कारण यांची किडनीही थकली आहे. तोवर हे उठले नाहीत तर आमच्या औषधामुळे उठले नाहीत, असंच धरायचं. कुणीही, मीसुद्धा, तोवर निर्णय द्यायचा नाही.”

“म्हणजे नुसतं बसायचं?” विष्णू म्हणाला.

“तुम्ही फील्डवर असता. पेरणीनंतर कुणी रोज उकरून बघतं का, मोड आला की नाही?”

“बघतेत की,” तो म्हणाला. “नवीन बियाणं असलं की उकरून बघतेत. मंग उगवलं न्हाई म्हणून कंपनीवर येतेत.”

“मग त्यांना तुम्ही काय सांगता?”

तो उठला आणि खाली गेला. गेटजवळ त्याने काय सांगितलं मला माहीत नाही. संध्याकाळी जीप परत गेली.

सुमनबाई मागे राहिल्या. त्यांनी एकच विचारलं, “हात परत हलंन का?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. “पण आता जो हात हलेल तो औषधाच्या आड नसेल.”

त्यांना ते कळलं की नाही, मला शंका आहे. त्या उठल्या, आत गेल्या आणि उशाची वाकळ नीट घडी करून परत ठेवली.

पुढचे दिवस माझ्या धंद्यातले सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात वाईट दिवस असतात. काहीच करायचं नसतं. रोज सकाळी मी जाऊन नाव घेऊन हाक मारायची, “रंगनाथराव, डोळे उघडा.” नखावर पेन दाबून बघायचं. बाहुलीवर उजेड टाकायचा. हाक वाया जायची. अधूनमधून हाताला बारीक झटका यायचा, तेव्हा फिटच्या औषधाची मात्रा थोडी वाढवावी की नाही, यावर मी स्वतःशीच भांडायची. वाढवली तर जाग लांबणार. नाही वाढवली आणि झटके उसळले तर केलेलं सगळं पाण्यात. दोनदा वाढवायला हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. हृदयाचे डॉक्टर राउंडला आले की एकदा पेशंटकडे आणि एकदा माझ्याकडे बघत आणि पुढे जात. त्यांच्या दृष्टीने नस मोकळी होती, काम झालं होतं.

एका सकाळी संगीता सिस्टरने मला हाक मारली. रंगनाथरावांचे डोळे उघडे होते. उघडे डोळे म्हणजे जाग नव्हे. उघड्या डोळ्यांनी काहीच न बघणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. मी वाकून म्हटलं, “माझा हात धरा.”

हात उडाला. जोरात, कोपरापासून. सिस्टरचा चेहरा पडला. पुन्हा झटके सुरू झाले, असंच त्यांना वाटलं, आणि क्षणभर मलाही.

मी वाट पाहिली. हात शांत पडून राहिला. मी पुन्हा म्हटलं, “माझा हात धरा, रंगनाथराव.” पुन्हा उडाला. मी गप्प राहिले, तो शांत. मग म्हटलं, “डावा.” आणि डावा हात उडाला.

झटके कानाने ऐकत नाहीत. डावा-उजवा ओळखत नाहीत. हा माणूस ऐकत होता आणि धरायला जात होता, आणि धरायला जायचं म्हटलं की त्याचा हात दगा देत होता. हृदय थांबून गेलेल्या काही थोड्या लोकांना हे होतं. पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं पहिल्यांदाच. माझे डोळे भरून आले, हे सांगून टाकते. सिस्टरने पाहिलं आणि पंपाकडे तोंड फिरवलं.

दोन दिवसांनी नळी निघाली. घसा बसलेला. पहिली गोष्ट त्यांनी विचारली ती अशी: “अस्तर कुठंय?”

विष्णू धावत जाऊन खालून पुडकं घेऊन आला. रिक्षावाल्याने ते पहिल्याच दिवशी काउंटरवर देऊन ठेवलं होतं. रंगनाथरावांनी पुडकं हातात घ्यायला हात पुढे केला, हात उडाला, पुडकं जमिनीवर पडलं आणि आमसुली रंगाचं कापड आयसीयूभर उलगडलं. सुमनबाई कापड गोळा करत होत्या आणि रडत होत्या, आणि मला वाटतं हसतही होत्या. रंगनाथराव आपल्या हाताकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. टेलर माणूस; जे झालं ते त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं.

त्यानंतर ते दर महिन्याला ओपीडीत येत. हृदय उत्तम. डोकं लख्ख, कोणत्या गिऱ्हाइकाच्या पाठीचं माप किती, हे तोंडपाठ. हात मात्र तसाच. नुसता मांडीवर ठेवला की गुपचूप, काही करायला गेला की उसळी. मी गोळ्या वाढवत नेल्या. एक गोळी, दोन, मग आणखी एका प्रकारची. हात बराचसा स्थिरावला. सुईत दोरा ओवता येईल असं मला वाटू लागलं आणि मी माझ्यावर खूश झाले.

पुढच्या खेपेला दोघंही आले. नेहमीप्रमाणे मी म्हटलं, “बोट नाकाला लावा.” त्यांनी सावकाश लावलं. हात फारसा उडाला नाही. मी कौतुक केलं.

“हात बराबर हाये,” ते म्हणाले. “मीच बराबर न्हाई.”

“म्हणजे?”

“गोळी घेतली की झोप. मशीनवर बसलो की डोळे मिटतेत. गिऱ्हाईक काय सांगून गेलं, ध्यानात राहत न्हाई. परवा डाव्या बाहीचं कापड उजव्याला बेतलं. मॅडम, तीस वरसात न्हाई झालं असं.” मग ते म्हणाले, “गोळी कमी करा.”

“कमी केली की हात उडणार.”

“उडू द्या.”

मी सुमनबाईंकडे पाहिलं. मला वाटलं, त्या तरी माझ्या बाजूने बोलतील. त्या पदराच्या गाठीशी खेळत होत्या.

“मंगळवारी गोळी दिली न्हाई मी,” त्या म्हणाल्या. “मुद्दामच. लई उडत होता हात. मंग मी म्हणलं, तुमी चाक फिरवा, कापड मी सरकवते. चाकाला काय, थोडं जास्त फिरलं अन् थोडं कमी फिरलं. टाके कुठं लांब, कुठं आखूड येतेत. पण हे जागे होते, मॅडम. दिवसभर मला सांगून राह्यले, इथं दाब, तिथं सोड, अशी धर न्हाई, तशी धर. भांडून राह्यले माझ्याशी.”

मला न विचारता गोळी बंद केल्यावरून मी त्यांना रागावले. ते रागावणं गरजेचं होतं. ही औषधं अशी एकाएकी थांबवली तर मोठी फिट येऊ शकते. ते दोघांनीही खाली मान घालून ऐकून घेतलं.

“आठवतंय का?” मी सुमनबाईंना म्हटलं. “आयसीयूत तुम्ही मला म्हणाला होतात, हात हलू द्या. तेव्हा मी तुमचं ऐकलं नव्हतं.”

“बरं केलं न्हाई ऐकलं ते,” त्या म्हणाल्या. “तवा नुसता हात हालत होता. आता हे हायेत.”

रंगनाथरावांनी बायकोच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला. हात जरासा उडाला, तिने पिशवी थोडी वर धरली, आणि दुसऱ्या खेपेला त्यांनी ती पकडली.

मी पॅड ओढलं आणि गोळी हळूहळू अर्ध्यावर आणायची लिहून दिली.